समुद्रतळावरचं कोबाल्टचं कवच : खरवडणार कोण, आणि कशाने?

उद्यमबागकर (धागाकर्ता)

आमच्या फाउंड्रीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. हिंदी महासागरात भारताला कोबाल्टचा डोंगर सापडला, आता बॅटऱ्या निम्म्या भावात, चीनची मक्तेदारी खलास. खाली नेहमीचे झेंडे. डोंगर आहे हे खरं, कोबाल्ट आहे हेही खरं. मधलं सगळं मात्र गाळलंय, आणि बघण्यासारखं आहे ते मधलंच. मी धातूचा माणूस, समुद्राचा नाही. जाणकारांनी भर घालावी.

आधी एक गुंता सोडवू. खोल समुद्रातले धातू तीन वेगवेगळ्या रूपांत असतात आणि बातम्यांत तिन्हींची खिचडी होते. पहिले नोड्यूल, म्हणजे सुटे गोटे, ४,००० ते ६,००० मीटर खोल सपाट चिखलावर पडलेले. दुसरे सल्फाइड, समुद्राखालच्या गरम झऱ्यांच्या तोंडाशी साचलेले. तिसरं हे कवच : पाण्याखालच्या डोंगरांच्या उघड्या खडकावर बसलेला लोह-मँगनीजचा काळा थर. तिन्हींत कोबाल्ट सगळ्यात जास्त याच्यात, आणि काढायला सगळ्यात चिवटही हेच.

ते बनतं कसं? समुद्राच्या पाण्यात मँगनीज आणि लोखंड नावापुरतं विरघळलेलं असतं. काही शे मीटरपासून हजार-दीड हजार मीटरपर्यंत पाण्याचा एक पट्टा असा असतो की तिथे प्राणवायू फार कमी, कारण वरून पडणारा मेलेल्या जीवांचा कचरा कुजताना तो संपवून टाकतो. अशा पाण्यात मँगनीज विरघळलेलंच राहतं. मग वाटेत डोंगर येतो. प्रवाह त्याच्यावर आपटतो, पाणी घुसळतं, खालचं प्राणवायू असलेलं थंड पाणी वर येऊन मिसळतं आणि मँगनीजच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होऊन खडकावर बसतात. त्या कणांवर ऋणभार असतो, त्यामुळे कोबाल्ट-निकेलचे आयन त्यांना चिकटतात. कोबाल्ट तर नुसतं चिकटत नाही, त्या कणावरच त्याचं आणखी ऑक्सिडीकरण होतं आणि ते पुन्हा सुटत नाही. पाण्यात जवळजवळ नसल्यासारखा असलेला धातू कवचात अर्धा टक्का, काही ठिकाणी एक टक्क्याच्या वर पोचतो, तो असा. आणि हे कवच आतून इतकं सच्छिद्र असतं की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग ३०० चौरस मीटरच्या घरात जातो. चिकटायला जागाच जागा.

वेग किती? दहा लाख वर्षांत १ ते ५ मिलिमीटर. सावकाश वाचा : वर्षांत नाही, दहा लाख वर्षांत. दोन मिलिमीटर धरले तर दहा सेंटिमीटरच्या थराला पाच कोटी वर्षं लागली. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे जाड कवचांच्या बुडाचा भाग जवळपास त्या काळातला. जगात सापडलेलं जाडातलं जाड कवच २५ सेंटिमीटरच्या आसपास. त्यातही अट अशी की त्या खडकावर एवढ्या काळात चिखल बसता कामा नये. म्हणून ते सपाट तळावर मिळत नाही, प्रवाहाने धुतल्या जाणाऱ्या उतारांवर मिळतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कास्टिंग साच्यातून काढलं की कधीकधी वाळू वितळून धातूला धरलेली असते. फेटलिंगवाला ती ग्राइंडरने काढतो. हात हलका पडला की वाळू राहते, जड पडला की माल खातो. कवचाचं हेच आहे, फक्त फेटलिंगवाल्याच्या डोक्यावर हजार-दोन हजार मीटर पाणी, उजेड शून्य, आणि जॉबचा पृष्ठभाग म्हणजे ज्वालामुखीचा वेडावाकडा उतार. वरवर खरवडलं तर माल तिथेच राहतो. खोल गेलं तर खालचा बेसॉल्ट मिसळतो आणि अर्ध्या टक्क्याचं कोबाल्ट पाव टक्क्यावर येतं. नोड्यूल निदान सुटे असतात, गोळा करता येतात. हे खडकाला वेल्ड झालेलं आहे.

आणि कुणी म्हणेल, कोबाल्ट राहू दे, मँगनीज तर मिळेल, फेरो-मँगनीज (पोलाद करताना घालतात तो मिश्रधातू) स्वस्त होईल. तेही नाही. फेरो-मँगनीजच्या भट्टीला लोखंडाच्या कितीतरी पट मँगनीज असलेलं खनिज लागतं. कवचात दोन्ही जवळपास बरोबरीने, वीस टक्क्यांच्या आगेमागे. असलं खनिज भट्टीवाला फाटकातूनच परत पाठवेल. म्हणजे आम्लात विरघळवून एकेक धातू वेगळा काढायचा, तो खर्च वेगळा.

माझं म्हणणं एवढंच : अभ्यास करावा, हक्क नोंदवावा, यंत्रं बनवावीत. पण याला आज खजिना म्हणू नये.


काकती_एक्सप्रेस

काका लई भारी लिहिलासा. मी बसमध्ये वाचालो, स्टॉप कधी गेला कळलंच नाही. पण डोंगराचं नाव कुठं सांगिटला? कुठला डोंगर, किती लांब? का सस्पेन्स ठेवालाय?


उद्यमबागकर

सस्पेन्स नाही रे बाबा, दुकान बंद करायची वेळ झाली होती.

त्याचं नाव अफनासी निकितिन सीमाउंट. कन्याकुमारीपासून साधारण १,३५० किलोमीटरवर, मालदीवच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या जरा खाली. लांबी ४०० किलोमीटर, रुंदी दीडशे. तळ ४,८०० मीटरवर आणि माथा पाण्याखाली १,२०० मीटरवर. म्हणजे ३,६०० मीटर उंच पर्वतरांग पाण्याखाली उभी आहे आणि आपल्यापैकी कुणी नावही ऐकलेलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये भारताने तिथल्या कवचाच्या शोधासाठी जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे अर्ज केला.


जांबोटीचा_पाव्हणा

नाव वाचून मजा वाटली. अफनासी निकितिन आपल्याला परका नाही. पंधराव्या शतकातला रशियाच्या त्व्हेर गावचा व्यापारी, होर्मुझहून चौलला उतरला. बरोबर विकायला एक घोडा होता. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा जप्त केला आणि धर्म बदल म्हणून अडवून धरलं. कुणीतरी रदबदली केली म्हणून सुटला, घोडाही परत मिळाला. पुढे बिदरला बहामनींच्या राजधानीत राहिला आणि परतताना दाभोळच्या बंदरातून जहाजात बसला. घरी मात्र पोचला नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. वास्को द गामाच्या बरीच वर्षं आधीची ही गोष्ट. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे.

अवांतर झालं, पण ज्याचा घोडा जुन्नरला जप्त झाला त्याच्या नावाच्या डोंगरावर आता कोण हक्क सांगतंय हे बघायला तो असता तर बरं झालं असतं.

आता मुद्द्यावर. मी तरुणपणी सुपा-जोयडा भागात मँगनीजच्या खाणीवर मुकादमाकडे हजेरी लिहायचो. दगड हातात घेतला की हात काळा व्हायचा तो दोन दिवस साबणाने जात नसे. बायका हातोडीने फोडून वेचायच्या. चांगला दगड वजनाला लागायचा, हलका निघाला की बाजूला. तो बाजूला टाकलेला ढीग अजून तिथं आहे. पावसात त्यातून काळं पाणी ओढ्याला जायचं. हे डोळ्यासमोर, रस्त्याला लागून, जिथं तहसीलदार जीपने येऊ शकतो तिथं. समुद्रात हजार मीटर खाली कोण बघायला जाणार, हा माझा साधा प्रश्न.


रोखठोक_चिकोडी

प्रत्येक धाग्यावर हेच. काही करायचं म्हटलं की आधी भीती. जगातलं जवळपास ७० टक्के कोबाल्ट काँगोमधून निघतं, तिथे लहान मुलं हाताने बोगदे खणतात त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. शुद्धीकरणात चीन सगळ्यांच्या पुढे. भारतात कोबाल्टची एक खाण नाही, सगळं बाहेरून. मग आपल्याच महासागरातलं घ्यायचं नाही तर कुणाचं घ्यायचं? चीन, जपान, रशिया, कोरिया यांनी प्रशांत महासागरातल्या सीमाउंटवर कवचाचे करार आधीच करून ठेवलेत. आपण चर्चा करत बसू.

आणि धागाकर्त्यांना विनंती, काढणं अवघड म्हणजे अशक्य नव्हे. मुंबई हायलाही लोक हसले होते.


उद्यमबागकर

अशक्य मी कुठे म्हटलं? उलट काढून दाखवलंय. जपानने २०२० मध्ये मिनामितोरीशिमा बेटाजवळच्या ताकुयो क्रमांक ५ या सीमाउंटवर, साधारण ९३० मीटर खोलीवर, यंत्राने कवच खरवडून वर आणलं. किती? ६४९ किलो. जपानसारख्या देशाची, वर्षानुवर्षांच्या तयारीनंतरची ही जगातली पहिली चाचणी. आमच्या इथला टेम्पो एका फेरीत याच्या दुप्पट स्क्रॅप आणतो. जपानला हिणवत नाही, टप्पा कुठला आहे ते सांगतोय.

मुंबई हायचं उदाहरण मला पटत नाही. तेल एकदा भोक पाडलं की दाबाने निदान वर यायला बघतं. दगड बघत नाही.

कोबाल्टच्या गरजेबद्दलही एक. आता रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी इलेक्ट्रिक गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी आहे, तिच्यात कोबाल्ट अजिबात नसतं. कवच तयार व्हायला पाच कोटी वर्षं, आणि त्याची मागणी दहा वर्षांत फिरू शकते. गुंतवणूकदार याला घाबरतो, आणि योग्यच घाबरतो.


चोर्लामार्गे

बेळगाव-पणजी नेहमीचं असल्यामुळे थोडी भर.

भारताचं हे काम आपल्याच शेजारी, गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सुरू झालं. २६ जानेवारी १९८१ ला गवेषणी या जहाजाने अरबी समुद्रातून पहिला नोड्यूल वर काढला. तिथून सहा वर्षांत, १९८७ मध्ये, भारताला अग्रणी गुंतवणूकदार म्हणून मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळालं. असा दर्जा मिळवणाऱ्या पहिल्या देशांत आपण होतो, हे रोखठोक यांनी लक्षात घ्यावं. आपण फक्त चर्चा करत बसलो हे काही खरं नाही. २००२ मध्ये प्राधिकरणाशी करार झाला. नियमाप्रमाणे अर्धं क्षेत्र परत करून आता ७५,००० चौरस किलोमीटर हातात आहे. अंदाज ३८ कोटी टन नोड्यूलचा. त्यात निकेल ४७ लाख टन, तांबं जवळपास ४३ लाख, कोबाल्ट साडेपाच लाख आणि मँगनीज सव्वानऊ कोटींच्या वर.

हिशोब केलात तर कोबाल्ट ०.१४ टक्के पडतं. कवचातलं अर्धा टक्का म्हणजे त्याच्या साडेतीनपट. म्हणून नजर डोंगराकडे वळली.

कवचाचा कापलेला तुकडा मी जवळून पाहिलाय. वरचा पृष्ठभाग काळा, मंद, बारीक गाठीगाठींचा. कापलेल्या बाजूवर वर काळे-तपकिरी पट्टे, खाली गेलं की मधेमधे फिकट शिरा दिसतात. तो जुना थर, त्यात फॉस्फेट शिरलेलं असतं. त्याच्या खाली पिवळट सडलेला बेसॉल्ट, आणि दोघांमधली सीमा सरळ नाही, कवचाची मुळं खडकाच्या भेगांत उतरलेली. उद्यमबागकर म्हणतात ते फेटलिंग किती अवघड, ते तेव्हा पटलं.


निपाणीच्या_बाई

धागा शाळेतल्या मुलांना वाचून दाखवला. हायस्कूलची मुलं, प्रश्न बिनधास्त. एकीने विचारलं, पाच कोटी वर्षं झाली हे कुणी मोजलं? कॅलेंडर कुणाकडे होतं? मी उद्या सांगते म्हणून सुटका करून घेतली. सांगा आता कुणीतरी.


खोल_पाणी

बाई, विद्यार्थिनीला माझ्याकडून शाबासकी द्या. (मी सागरी जीवशास्त्रात एमएस्सी करतेय, गाव चंदगडकडे.)

वरच्या एक-दोन सेंटिमीटरांसाठी बेरिलियम-१० वापरतात. अंतराळातून येणारे किरण हवेत हे किरणोत्सारी बेरिलियम तयार करतात, ते पावसाने समुद्रात येतं आणि कवचात अडकतं. ते सुमारे १४ लाख वर्षांत निम्मं होतं. थरागणिक किती उरलंय ते मोजलं की वय निघतं. साधारण एक कोटी वर्षांपर्यंत हे चालतं. त्याच्या मागे जायला ऑस्मियमच्या समस्थानिकांचं प्रमाण बघतात, कारण समुद्रातलं ते प्रमाण काळाबरोबर बदलत गेलंय आणि त्याचा आलेख इतर गाळांवरून माहीत आहे.

आणि मुलांना हे नक्की सांगा. १९९९ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञांना प्रशांत महासागरातल्या अशाच कवचात लोह-६० सापडलं. हे पृथ्वीवर नैसर्गिकपणे जवळजवळ बनत नाही, मोठा तारा फुटतो तेव्हा बनतं. २६ लाख वर्षांत निम्मं होतं, म्हणजे पृथ्वीच्या जन्मापासूनचं असतं तर कधीच संपलं असतं. २००४ मध्ये त्यांनी आणखी एका कवचाचे थर बारकाईने मोजले आणि ते ठराविक खोलीवरच, वीस-तीस लाख वर्षांपूर्वीच्या थरात एकवटलेलं निघालं. म्हणजे त्या काळात आपल्या आसपास कुठेतरी तारा फुटला आणि त्याची धूळ समुद्रात पडली, हे सात-आठ मिलिमीटर खोलीवर नोंदलं गेलंय. आमच्या सरांनी हे सांगितल्यावर वर्गात कुणी मोबाइलकडे बघितलं नव्हतं.


काकती_एक्सप्रेस

हे बेष्ट हाय. कोबाल्ट राहू दे, तारा लिहा की वर हेडिंगला.


खोल_पाणी

आता जीवशास्त्र. जांबोटीच्या काकांचा प्रश्न साधा नाही, तोच मुख्य आहे.

सीमाउंट म्हणजे उघडा दगड नव्हे. डोंगरामुळे पाणी घुसळतं, अन्न वर येतं, म्हणून तिथे जीव गोळा होतात. ज्या घुसळण्याने कवच बनतं त्याच घुसळण्यावर प्रवाळ आणि स्पंज जगतात. खोल पाण्यातली प्रवाळं सूर्यप्रकाशावर अवलंबून नसतात, प्रवाहातून येईल ते खातात आणि फार हळू वाढतात. हवाईजवळच्या काळ्या प्रवाळाची एक वसाहत ४,००० वर्षांहून जुनी निघाली. ही बसतात कुठे? कठीण खडकावर, म्हणजे कवचावरच. कवच खरवडणं आणि प्रवाळ खरवडणं ही दोन कामं नाहीत.

ओरखडे किती टिकतात याचा अनुभव नोड्यूलच्या भागातला आहे. १९८९ मध्ये पेरूजवळ चार हजार मीटरहून खोल तळावर जर्मन शास्त्रज्ञांनी मुद्दाम नांगर फिरवला, खाणीचा परिणाम बघायला. २६ वर्षांनी, २०१५ मध्ये जाऊन पाहिलं तर नांगराचे चर कालचे वाटावेत असे स्पष्ट होते आणि तिथल्या चिखलातले सूक्ष्मजीवही सावरले नव्हते. कवचाच्या उतारावर चिखल कमी, त्यामुळे धुरळा कमी उडेल असं काहीजण म्हणतात. पण दगड फोडून भुगा तर होणारच, आणि तो प्रवाहातून उताराखाली जाणार.

रोखठोक दादा, काँगोच्या मुलांबद्दल तुम्ही लिहिलं ते बरोबरच आहे. पण समुद्रात खाण सुरू झाली की तिथली बंद होईल असं कुणी लिहून दिलेलं नाही. भाव पडले तर त्या मुलांची मजुरी आणखी पडेल, असंही होऊ शकतं.


वकील_कॅम्प

कायद्याची बाजू मांडतो. सीमाभागात राहून हे वाचायला वेगळीच लज्जत आहे.

देशाच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ कुणाचाच नाही, तो साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा, असं १९८२ चा समुद्र कायदा करार सांगतो. करार १९९४ ला लागू झाला. जमैकात किंग्स्टनला त्याचं प्राधिकरण आहे. कवचासाठी वेगळे नियम २०१२ मध्ये झाले. एका अर्जदाराला जास्तीत जास्त ३,००० चौरस किलोमीटर, २० चौरस किलोमीटरच्या १५० चौकटींत, पंधरा वर्षांसाठी. पुढे टप्प्याटप्प्याने दोन तृतीयांश सोडायचं. अर्जाची फी पाच लाख डॉलर. हे फक्त शोधाचं. प्रत्यक्ष खाणकामाचे नियम अजून मंजूरच नाहीत, वाटाघाटींचं गुऱ्हाळ चालू आहे. तीसहून अधिक देश म्हणतात की पुरेशी माहिती मिळेपर्यंत थांबा. अमेरिका या करारात नाहीच. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हद्दीबाहेरच्या समुद्रातही आपल्या कायद्याने परवाने द्यायचा आदेश काढला, त्यावरून आणखी ठिणग्या.

आता आपला डोंगर. भारताने अर्ज केला आणि प्राधिकरणाच्या आयोगाने नोंदवलं की हे सगळं क्षेत्र दुसऱ्या देशाने आपला विस्तारित खंडमंच (म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राखाली पुढे गेलेला आपलाच तळ) म्हणून मागितलेल्या भागात येतं. तो देश श्रीलंका. त्यांचा दावा २००९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या वेगळ्या आयोगापुढे पडून आहे. किनाऱ्यापासून एवढ्या लांब दावा कसा, असं वाटेल. साधारण नियमाने ३५० सागरी मैल ही एक मर्यादा. पण बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ इतका दूरवर पसरलाय की करार होताना दक्षिण भागासाठी खास सूत्र मान्य झालं : जिथवर गाळाची जाडी एक किलोमीटर, तिथवर. श्रीलंका त्याच्यावर बोट ठेवून आहे. ज्या हिमालयाची माती त्यांच्या देशातून वाहत नाही तिच्या आधारावर त्यांचा समुद्रतळ ठरणार, आणि कायद्याने यात काही गैर नाही.

म्हणजे दावा, प्रतिदावा, तज्ज्ञांचा आयोग, तारखा. आपला सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डोंगरवाल्यांनी आपल्याकडून अनुभवाच्या चार गोष्टी घ्याव्यात.


जांबोटीचा_पाव्हणा

वकीलसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य वाचून चहा सांडला.


रोखठोक_चिकोडी

वकीलसाहेबांनी छान समजावलं. पण यातूनच माझा मुद्दा निघतो. दावा आज ठोकला तर वीस वर्षांनी काही हाती लागेल. नाही ठोकला तर दुसरा बसेल. चीनची सर्वेक्षण जहाजं हिंदी महासागरात फिरतात ती पर्यटनाला नाही. पाच लाख डॉलर म्हणजे चार कोटींच्या आसपास. बेळगावात एका उड्डाणपुलाला याहून कितीतरी जास्त लागतात.

आणि समुद्रयान, म्हणजे माणसं खोल समुद्रात उतरवायची आपली मोहीम? त्याबद्दल कुणी एक शब्द लिहिला नाही. खोल समुद्र मोहिमेला २०२१ मध्ये ४,०७७ कोटी मंजूर झाले ते कशाला?


उद्यमबागकर

दावा ठोकण्याबद्दल आपलं एकमत आहे, वरचा माझा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा. मतभेद ग्रुपवरच्या 'निम्म्या भावात बॅटरी'शी आहे.

समुद्रयानावर मात्र मला तासभर लिहिता येईल, कारण ती अस्सल धातुकामाची गोष्ट आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेची मत्स्य ६००० ही पाणबुडी तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेण्यासाठी. माणसं बसतात तो टायटॅनियमचा गोळा, आतून २.१ मीटर व्यासाचा, भिंत ८० मिलिमीटर. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे तळाशी सहाशेपट. गोळा का, तर दाब सगळीकडून सारखा वाटला जातो. दंडगोल केला तर कुठेतरी तो आधी चेपणार. अर्धगोल जोडायला इस्रोच्या मदतीने इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग. ज्यांनी टायटॅनियमचं वेल्डिंग जवळून पाहिलंय त्यांना कळेल, वितळलेल्या टायटॅनियमला हवा लागली की ते प्राणवायू-नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. म्हणून ते निर्वातात करायचं, आणि ८० मिलिमीटर जाडीचा सांधा आरपार एकसारखा यायला हवा. एक बुडबुडा चालणार नाही. आमच्याकडे एक्स-रेमध्ये ब्लो-होल दिसला की जॉब रिजेक्ट होतो, कस्टमर ओरडतो, विषय संपतो. इथे आत तीन माणसं आहेत.

२०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळ कट्टुपल्ली बंदरात पाणबुडीच्या उथळ पाण्यातल्या चाचण्या झाल्या, त्या पोलादी गोळा लावून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या नॉटील पाणबुडीतून अटलांटिकमध्ये ४,०२५ आणि ५,००२ मीटरपर्यंत जाऊन आले. नोड्यूलसाठीचं वराह हे यंत्र २०२१ मध्ये ५,२७० मीटरवर तळावर चालवून झालंय.

पण ध्यानात घ्या, हे सगळं नोड्यूलच्या खोलीचं. कवचासाठी एवढं खोल जायला नको, चांगलं कोबाल्ट ८०० ते २,५०० मीटरमध्येच असतं. तिथे लागतं उतारावर टिकणारं, जाडी ओळखून कापणारं यंत्र. थर पाच सेंटिमीटर आहे की बारा, हे कापायच्या आधी कळायला हवं. त्यावर आवाजाच्या लहरींनी आणि कवचातल्या नैसर्गिक गॅमा किरणांनी जाडी मोजायचे प्रयोग चालू आहेत. मला विचाराल तर खरी अडचण ही मोजपट्टी आहे, टायटॅनियम नाही.


निपाणीच्या_बाई

बेरिलियम आणि तारा दोन्ही सांगितलं. पुढचा प्रश्न तयार आहे : वारसा जर साऱ्या मानवजातीचा, तर आमचा वाटा किती? एकाने तर कागदावर भागाकारही केला.


वकील_कॅम्प

बाई, मुलगा माझ्याकडे पाठवा, ज्युनियर हवाच आहे.

हे तत्त्व पहिल्यांदा जोरात मांडलं माल्टाच्या अर्विद पार्दो यांनी, १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत. तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की नोड्यूलमधून गरीब देशांना पैसा मिळेल. त्या काळात वातावरणच तसं होतं. १९७४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलायला ग्लोमार एक्सप्लोरर हे भलंमोठं जहाज पाठवलं आणि जगाला सांगितलं की आम्ही मँगनीजचे गोटे काढायला चाललोय. लोकांनी विश्वास ठेवला, कारण गोट्यांची हवाच तेवढी होती.

करारात आहे की खाणकामातून मिळणारा आर्थिक लाभ प्राधिकरणाने न्याय्य रीतीने वाटायचा, विकसनशील देशांचा विशेष विचार करून. कंपनीने किती रॉयल्टी द्यायची आणि ती कुणाला कशी वाटायची, यावरच किंग्स्टनला घोडं अडलंय. आजपर्यंत व्यापारी खाणकामाचा एक रुपयाही जमा झालेला नाही. भागाकार बरोबर असेल, वरचा आकडा शून्य आहे.


काकती_एक्सप्रेस

घोडं जुन्नरला पण अडलं, किंग्स्टनला पण अडलं.

खोल_पाणी ताई, ते गरम झऱ्याचं सल्फाइड राहिलं की. त्याच्यावर वेगळा धागा काढा. आम्ही वाचालो.


खोल_पाणी

परीक्षा संपू दे. तोवर एवढंच, सल्फाइडसाठी भारताचा पहिला करार २०१६ चा, मध्य आणि नैऋत्य हिंदी महासागरी कटकांसाठी (कटक म्हणजे समुद्राखालची डोंगररांग), १०,००० चौरस किलोमीटर. दुसरा सप्टेंबर २०२५ मध्ये झाला, कार्ल्सबर्ग कटकासाठी, तेवढाच. त्या दोन्ही जागी शेजाऱ्याचा दावा नाही, त्यामुळे वकीलकाकांना त्या धाग्यावर फारसं काम नसेल.